गावी पाठवलेले मूल : युद्धकालीन स्थलांतर आणि मराठी कथनाचा घाट

१

दुसऱ्या महायुद्धाचा मराठी साहित्यावर काय परिणाम झाला, हा प्रश्न मराठी समीक्षेला नवा नाही. मर्ढेकरांची कविता, १९४५ नंतरची नवकथा, यंत्रयुगीन महानगरात माणसाच्या वाट्याला आलेले एकाकीपण अशा परिचित आशयसूत्रांच्या आधारे तो वारंवार चर्चिला गेला आहे. परंतु या चर्चेत युद्ध हे बहुधा एक वातावरण म्हणून येते, आणि त्या वातावरणाचा भोक्ता असतो तो प्रौढ, सुशिक्षित, शहरी पुरुष. युद्धामुळे ज्यांचे राहते घर काही महिन्यांपुरते वा कायमचे सुटले, त्या मुलांच्या जाणिवेचे मराठी कथनात काय झाले, हा प्रश्न मात्र सहसा उपस्थित केला जात नाही.

असे म्हणता येईल की महाराष्ट्राच्या भूमीवर हे युद्ध लढलेच गेले नाही. तेव्हा असा अनुभव येथे शोधणे हे पाश्चात्त्य साहित्यातील एका प्रकाराची मराठीत उगाच अपेक्षा करणे होय. हा आक्षेप गंभीरपणे घ्यावयास हवा. कारण प्रश्न अनुभव होता की नव्हता एवढाच नाही. जो अनुभव निश्चितपणे होता, त्याला कथनाचा घाट का लाभला नाही, हा आहे. या प्रश्नाचा विचार येथे कोकणातील एका विशिष्ट भूभागाच्या, महाड-पोलादपूर परिसराच्या आणि त्यातील उमरठ या गावाच्या संदर्भात करावयाचा आहे. उमरठची निवड योगायोगाची नाही. युद्ध, घर आणि मूल या तिहींचे मराठी मनातील एक आद्य कथन याच गावाशी जोडलेले आहे.

२

प्रथम घटनाक्रम. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले. ८ मार्चला जपानी सैन्य रंगूनमध्ये शिरले. ५ एप्रिलला कोलंबोवर आणि ६ एप्रिलला विशाखापट्टणम व काकिनाडा या बंदरांवर जपानी विमानांनी बॉम्ब टाकले. त्या काळात मुंबईतून मोठ्या संख्येने लोक बाहेर पडले. व्यापारी कुटुंबांनी गुजरात-मारवाडची वाट धरली. गिरण्यांत आणि गोद्यांत राबणाऱ्यांपैकी अनेकांनी बायकामुलांना घाटावर आणि कोकणात गावी पाठवले. नोकरी करणारा पुरुष मुंबईत राहिला. पुढे दोन वर्षांनी, १४ एप्रिल १९४४ रोजी, व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या स्फोटकांनी आणि कापसाने भरलेल्या बोटीचे स्फोट झाले. शेकडो माणसे मेली, सुमारे ८०,००० लोक बेघर झाले, आणि जपानी आलेच या समजुतीने शहरात पुन्हा घबराट पसरली.

महाड-पोलादपूरचा मुंबईशी असलेला संबंध याआधीच पक्का झालेला होता. मुंबईहून आगबोटीने किनाऱ्याकिनाऱ्याने यावे, बाणकोटच्या खाडीतून सावित्रीच्या पात्रात शिरून दासगावला उतरावे आणि तेथून महाड गाठावे, हा जुना मार्ग. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच मार्गाने दासगावला उतरले होते. महाडपुढे पोलादपूर आणि त्यापलीकडे सह्याद्रीच्या कुशीतील उमरठसारखी गावे लागतात. या खोऱ्यांतील शेती कुटुंबाला वर्षभर पुरणारी नव्हे. म्हणून घरटी एखाद-दुसरा पुरुष मुंबईत, असा तेथील जीवनक्रम. याच परिसराने सैन्यालाही माणसे पुरवली. शेजारच्या माणगाव तालुक्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे एकाच काळात या डोंगरपट्ट्यातून तरुण मुलगे दूरच्या युद्धावर जात होते आणि युद्धाच्या भीतीने मुंबईची मुले इकडे येत होती. पहिल्या प्रवाहाची नोंद स्मारकशिळांवर आणि पदकांवर झाली. दुसऱ्या प्रवाहाची नोंद साहित्याने करावयाची होती.

३

ती का झाली नाही याचे पहिले उत्तर भाषेत सापडते. मुंबईहून कोकणात जाण्यासाठी मराठीत असलेला क्रियाप्रयोग ‘गावी जाणे’ हा आहे. सणाला, लग्नाला, आजारपणात, संपात आणि युद्धातही माणूस ‘गावी’च जातो. या प्रयोगात ‘गाव’ हे सामान्यनाम नसून जवळजवळ विशेषनाम आहे. कोणते गाव हे सांगावे लागत नाही. ‘चाकरमानी’ हा शब्दही हीच दृष्टी पक्की करतो. चाकरीपुरता शहरात असलेला तो चाकरमानी. त्याचे खरे घर अर्थातच गावी. प्रौढ पुरुषाच्या बाबतीत ही व्यवस्था बऱ्याच अंशी खरी होती. त्याचा जन्म गावचा, त्याची जमीन, देव आणि भाऊबंद गावचे.

परंतु चाळीत जन्मलेल्या सहा-सात वर्षांच्या मुलाचे काय? त्याच्या लेखी घर म्हणजे ती दहा बाय दहाची खोली, समोरची गॅलरी, सामाईक नळ आणि गिरणीचा भोंगा. गाव हे त्याच्या बापाचे. त्याला गावी पाठवणे ही कुटुंबाच्या दृष्टीने परतण्याची क्रिया असली तरी त्याच्या दृष्टीने निघण्याची क्रिया होती. येथे भाषेने एक सूक्ष्म पण दूरगामी काम केले : मुलाच्या विस्थापनाला तिने स्वगृही परतण्याचे व्याकरण दिले. ज्या अनुभवाला ‘परतणे’ हेच क्रियापद लागते, तो अनुभव ताटातुटीचा म्हणून सांगता येत नाही. सांगू गेल्यास तो कृतघ्नपणाचा वाटतो. आजीच्या घरी, चुलत्याच्या घरी, मामाच्या गावी गेलेल्या मुलाने आपण परक्या ठिकाणी होतो असे म्हणावे कसे? मराठी बालगीतांनी मामाच्या गावाला जे निखळ आनंदाचे स्थान करून ठेवले आहे, ते या संदर्भात तितकेसे निरुपद्रवी राहत नाही.

युद्धाने घर सोडणाऱ्यासाठी मराठीत ‘निर्वासित’ हा शब्द आहे; पण १९४७ नंतर तो फाळणीशी घट्ट बांधला गेला. ‘विस्थापित’ हा धरण-प्रकल्पांच्या संदर्भात रुळला. या दोन्ही संज्ञांमागे शासनाची नोंदवही आहे, छावणी आहे, पुनर्वसनाचा प्रश्न आहे. गावी पाठवलेल्या मुलाची कोणत्याही वहीत नोंद झाली नाही. त्यामुळे त्याच्यासाठी संज्ञाही घडली नाही, आणि जिला संज्ञा नाही त्या अवस्थेकडे साहित्यव्यवहाराचेही लक्ष जात नाही.

४

अन्य भाषांतील उदाहरणे येथे तुलनेसाठी उपयोगी पडतात. १ सप्टेंबर १९३९ पासून अवघ्या काही दिवसांत ब्रिटनच्या शासनाने सुमारे १५ लाख लोकांना, त्यांत प्रामुख्याने शाळकरी मुलांना, शहरांतून खेड्यांत हलवले. या स्थलांतराला आगगाडी होती, मुलाच्या अंगावर अडकवलेली नावाची चिठ्ठी होती, आणि शेवटी एक अनोळखी घर होते. कथनाला लागणारी सारी सामग्री या व्यवस्थेनेच पुरवली. सी. एस. लुईस यांच्या ‘द लायन, द विच अँड द वॉर्डरोब’ (१९५०) या कथेतील चार भावंडे हवाई हल्ल्यांमुळेच लंडनबाहेरच्या वाड्यात येतात. नीना बॉडेन यांची ‘कॅरीज वॉर’ (१९७३) आणि मिशेल मॅगोरियन यांची ‘गुडनाइट मिस्टर टॉम’ (१९८१) या कादंबऱ्या तर त्या परक्या घराविषयीच आहेत. दरम्यान ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम यांनी लंडनमधील युद्धकालीन बालगृहांतील निरीक्षणांवरून असे दाखवून दिले होते की लहान मुलाला बॉम्बवर्षावापेक्षा आईपासूनची ताटातूट अधिक इजा करते. साहित्याला आणि मानसशास्त्राला एकाच वेळी एक नवे पात्र गवसले होते.

मराठी वाचकाला अधिक जवळचे उदाहरण ‘तोत्तोचान’चे. तेत्सुको कुरोयानागी यांचे हे पुस्तक चेतना सरदेशमुख गोसावी यांच्या अनुवादामुळे मराठीत घरोघरी पोचले. या पुस्तकाचे स्मरण मराठीत प्रामुख्याने प्रयोगशील शिक्षणाचे पुस्तक म्हणून केले जाते. परंतु ते संपते ते शाळा जळाल्यावर, टोकियो सोडून चाललेल्या गर्दीच्या आगगाडीत. ज्या बालपणाचे हे वर्णन आहे, त्याचा शेवट स्थलांतराने होतो. मराठी ग्रहणाने हा शेवट जवळजवळ विसरून जावा, ही गोष्ट बोलकी आहे. तो ज्या अनुभवाच्या बाजूला ठेवून वाचावा, असा अनुभव आपल्या कथनपरंपरेत नोंदलेला नव्हता.

आणि तरीही युद्धाने घराबाहेर पडलेली मुले महाराष्ट्राने प्रत्यक्ष पाहिलेली होती. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. सोव्हिएत राजवटीने सैबेरिया-कझाकस्तानकडे हद्दपार केलेली ही कुटुंबे इराणमार्गे येथे पोचली होती. छावणीत शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होते, बालवीरांची पथके होती. या मुलांनी म्हातारपणी एकत्र येऊन भारतातील वास्तव्याच्या आठवणींचा मोठा ग्रंथ आधी पोलिश आणि मग इंग्रजी भाषेत सिद्ध केला. म्हणजे पंचगंगेच्या काठावर वाढलेल्या परदेशी मुलांचे युद्धकालीन बालपण ग्रंथबद्ध झाले. त्याच वर्षांत सावित्रीच्या खोऱ्यात पाठवल्या गेलेल्या मराठी मुलांचे झाले नाही. पहिल्यांना आपण परक्या मुलखात आहोत हे क्षणोक्षणी कळत होते. दुसऱ्यांना आपण आपल्याच घरी आहोत असे क्षणोक्षणी सांगितले जात होते.

आणखी एक कारण नमूद करावयास हवे. मुंबईवर बॉम्ब पडले नाहीत. ज्या संकटाच्या भीतीने घर सुटले ते आलेच नाही. पुष्कळ कुटुंबे काही महिन्यांत परतली आणि ती सारी धावपळ विनोदाच्या, चाळीतल्या गप्पांच्या सदरात जमा झाली. प्रौढांच्या दृष्टीने न घडलेल्या घटनेची कथा होत नाही. मुलाच्या दृष्टीने मात्र घर सुटणे हीच घटना होती आणि ती घडून गेली होती. आणि जेव्हा १९४४ मध्ये खरोखरच स्फोट झाले, तेव्हा ते शत्रूचे नव्हते. म्हणून त्यांची स्मृती युद्धाच्या नव्हे तर अपघाताच्या खात्यावर पडली.

५

आता उमरठकडे वळावयास हवे. हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री कोंढाण्यावर ते पडले. त्यांचा देह मढे घाटाने उमरठला आणल्याचे परंपरा सांगते आणि त्यांची व शेलारमामांची समाधी तेथे आहे. या प्रसंगावरचा तुळशीदास शाहिराचा पोवाडा हा मराठी वीरकथनाचा एक मूळ नमुना आहे. त्या कथनाचा आरंभबिंदू रणभूमी नाही. एक लग्नघर आहे. मुलाचे, रायबाचे लग्न निघाले आहे. निमंत्रण द्यायला गेलेला बाप मोहिमेचा विडा उचलून येतो, आणि लग्न मागे पडते.

या कथेचे वाचन आजवर बापाच्या त्यागाच्या अंगाने झाले आणि ते योग्यच आहे. परंतु कथनशास्त्राच्या दृष्टीने पाहिल्यास रायबाचे स्थान विलक्षण आहे. त्याच्यामुळे त्यागाला परिमाण मिळते. पण त्याला स्वतःची वाणी नाही. ज्याचे लग्न थांबले, ज्याचा बाप गेला, तो या कथनात केवळ एक विषय आहे, निवेदक होण्याची शक्यता त्याला दिलेलीच नाही. घरावर युद्ध येते तेव्हा मुलाने काय करावे, याचे उत्तर मराठी वीरकथनाने रायबाच्या रूपाने देऊन ठेवले आहे : त्याने थांबावे.

याहून अर्थपूर्ण गोष्ट म्हणजे तानाजीच्या स्वतःच्या बालपणाची. ते मूळचे जावळी खोऱ्यातील गोडवलीचे. वडील मारले गेल्यावर शेलारमामांच्या आश्रयाने उमरठला आले, अशी परंपरा आहे. ती इतिहासाच्या कसोटीवर कितपत उतरते हा येथे मुद्दा नाही. कथन म्हणून ती काय सांगते हे पाहावयाचे आहे. संघर्षात बापाला मुकलेले, घर सोडून मामाच्या गावी आणले गेलेले मूल : उमरठची स्मृती अशा मुलापासूनच सुरू होते. परंतु पोवाड्याला या मुलाचे काही घेणे नाही. वीरकथनात बालपण ही पूर्वपीठिका असते, ते पुढील पराक्रमाच्या नात्यानेच अर्थपूर्ण ठरते. आश्रयाला आलेल्या मुलाची पहिली रात्र, अनोळखी पडवी, मामाच्या घरातील आपल्या हक्कांविषयीची अनिश्चिती ही त्याच्या घाटात बसणारी सामग्रीच नव्हे. १९४२ मध्ये या खोऱ्यात आलेल्या मुलांना आजूबाजूला युद्धाची जी एकमेव सांगण्यासारखी गोष्ट उपलब्ध होती, ती ही होती. आणि तिच्यात त्यांच्यासाठी जागा नव्हती.

६

येथवरच्या विवेचनात ‘गाव’ हे आश्रयस्थान मानले आहे. परंतु ते कोणाचे आश्रयस्थान, हा प्रश्न महाडच्या संदर्भात टाळता येत नाही. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी पिऊन अस्पृश्य समाजाने जो हक्क बजावला, त्याच्यावर न्यायालयीन शिक्कामोर्तब व्हायला १७ मार्च १९३७ हा दिवस उजाडावा लागला. मुंबईच्या चाळीत, नळाच्या रांगेत, म्युनिसिपालिटीच्या शाळेत वाढलेल्या दलित मुलाला पाच वर्षांनी त्याच तालुक्यात गावी पाठवणे म्हणजे बॉम्बच्या संभाव्य भीतीतून सोडवून जातीच्या निश्चित व्यवस्थेत नेऊन ठेवणे होते. शहरातही जात होती. पण गावात ती पाणवठ्यापासून सुरू होत होती.

दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) येथे आठवणे अपरिहार्य आहे. ते युद्धकालीन स्थलांतराचे पुस्तक नव्हे. पण मुंबईतील कावाखाना आणि गावचा महारवाडा यांच्यामध्ये हेलकावे खाणाऱ्या बालपणाला त्याने जो घाट दिला, तो महत्त्वाचा आहे. या आत्मकथनात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार यांना सांगतो. निवेदक आणि श्रोता ही एकाच व्यक्तीची दोन रूपे आहेत. शहर आणि गाव या दोहोंपैकी कोणतेच ज्याचे निर्वेध घर नाही, त्याला एकसंध ‘मी’ वापरता येत नाही, हे या रचनेतून व्यक्त होते. ‘गावी जाणे’ या प्रयोगातील निरागसता ‘बलुतं’ने मोडून काढली. देशीयतेच्या चर्चेत मूळ, माती, परंपरा यांचा जो गौरव होतो, त्याला येथे एक कठीण प्रश्न विचारला गेला आहे.

दुसरा घाट प्रकाश नारायण संत यांच्या लंपनच्या कथांचा. ‘वनवास’ (१९९४) या संग्रहापासून सुरू झालेल्या या कथांमधील मुलगा आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे वाढतो. आजीचे घर प्रेमाचे आहे, गाव रम्य आहे. तरीही संग्रहाचे शीर्षक ‘वनवास’ आहे. संतांचे यश या विसंगतीत आहे. आप्तांच्या मायेत असलेल्या मुलालाही घरापासूनचा दुरावा असू शकतो, आणि ती माया खोटी न ठरवता तो दुरावा सांगता येतो, हे त्यांनी सिद्ध केले. त्यांची पद्धत अशी : मुलाला कारणे ठाऊक नसतात, म्हणून निवेदन कारणांकडे वळतच नाही, ते वस्तू, आवाज, वास, माणसांच्या लकबी यांवर स्थिरावते, आणि दुःख सांगण्याऐवजी वाक्याच्या लयीतून जाणवू देते. युद्ध ज्याला कळत नाही पण युद्धाने ज्याची खोली, सवंगडी आणि भोंगा नेला, त्या मुलाचे कथन करण्याची नेमकी हीच रीत असू शकली असती. तेव्हा मराठीत घाटच नव्हता, असे म्हणता येत नाही. घाट उशिरा आला. आणि तो आला तेव्हा तो अनुभव ज्यांचा होता ती पिढी साठीच्या घरात पोचली होती.

७

साहित्याने प्रत्येक ऐतिहासिक घटनेची हजेरी लावलीच पाहिजे, असा आग्रह येथे अभिप्रेत नाही. कोणत्याही वाङ्मयात गाळलेल्या जागा असतातच. परंतु काही गाळलेल्या जागा केवळ योगायोगाच्या नसतात. ‘गावी जाणे’ या प्रयोगाने जे झाकले, वीरकथनाने ज्याला जागा दिली नाही, नातेसंबंधांच्या आदर्शाने ज्याला उच्चारू दिले नाही, त्याची अनुपस्थिती हा मराठी कथनव्यवस्थेचा एक गुणधर्म म्हणून अभ्यासावयास हवा. समीक्षेचे काम येथे संहितेतील मौनाचा अर्थ लावण्याइतके मर्यादित राहत नाही. कोणत्या भाषिक सवयींमुळे ते मौन नैसर्गिक वाटू लागले, हे तिने दाखवावे लागते.

याची निकड आजही संपलेली नाही. २०२० च्या उन्हाळ्यात महासाथीच्या भीतीने मुंबईतील कुटुंबे पुन्हा कोकणाकडे निघाली. अनेक गावांनी येणाऱ्यांना आधी वेशीजवळच्या शाळेत विलग ठेवले. त्या शाळांच्या वर्गखोल्यांत चटईवर झोपलेल्या मुलांविषयी मोठी माणसे पुन्हा तेच तीन शब्द बोलत होती : मुले गावी गेली. गावाने आपलेच मूल काही दिवस परके म्हणून वेगळे ठेवले, ही नवी वस्तुस्थितीदेखील त्या शब्दांत सहज सामावून गेली.

१९४२ मध्ये जी मुले सात-आठ वर्षांची होती, त्यांनी आता नव्वदी गाठली वा ओलांडली आहे. महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांत आणि मुंबईच्या उपनगरांत त्यांपैकी जी हयात असतील, त्यांच्या मौखिक निवेदनांचे संकलन मराठीच्या पदव्युत्तर विभागांना अजूनही करता येण्यासारखे आहे. ते करताना प्रश्नाची भाषा मात्र जपून निवडावी लागेल. ‘युद्धात तुम्ही गावी कधी आलात?’ असे विचारले तर वर्ष मिळेल, कदाचित बोटीचा प्रवासही मिळेल. ‘तुम्ही मुंबईचे घर कधी सोडलेत, आणि मागे काय राहिले?’ असे विचारले तर काय मिळेल, हे पाहावयाचे आहे.